चेनसॉचा एअर फिल्टर: आधी फट बुजवावी, मग हवा वाढवावी

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जानेवारी उलटला की बांधावरची नीलगिरी, अकेशिया आणि म्हातारी झालेली काजूची झाडे उतरवण्याची कामे सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत चालतात. याच महिन्यांत जांभ्याची लाल माती सुकून तिचा फुफाटा होतो. झाड आडवे पडले की तो उडतो आणि नेमक्या त्याच वेळी चेनसॉ (झाडे कापण्याचा पेट्रोलवरचा करवत) पूर्ण रेसवर हवा ओढत असतो. चिकोडी-हुक्केरीकडे माती काळी आणि झाडे बाभूळ-सुबाभळीची, एवढाच काय तो फरक. ताकद नाही, पेट्रोल जास्त खाते, धूर फार सोडते, अशा तक्रारींचे यंत्र दुरुस्तीला आले की पुष्कळ वेळा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) खोलला जातो, त्याचे किट बदलले जाते, आणि मुळात भुशाने गच्च भरलेल्या एअर फिल्टरकडे शेवटी लक्ष जाते.

लक्ष गेले तरी उपाय बहुधा चुकीचा होतो. जाळीला टाचणीने भोके पाडणे, वरच्या झाकणावर ड्रिल चालवणे किंवा फिल्टर काढूनच काम करणे हे प्रकार सर्रास चालतात. त्यानंतर यंत्र खरोखर मोकळे सुटते, म्हणून तर हे उपाय टिकून आहेत. पण ते सुटते फिल्टर भरलेला होता म्हणून, आणि मूळचाच फिल्टर धुऊन बसवला असता तरी जवळपास तेवढेच सुटले असते. चांगल्या स्थितीतील स्वच्छ फिल्टर हवेला जो अडथळा करतो तो थोडा असतो. त्यामुळे फिल्टरमध्ये सुधारणा करायची झाल्यास पहिला प्रश्न हवा किती येते हा नसून ती कुठून येते हा असावा.

चेनसॉचे टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा हवा आत घेते. ५० सीसीचे इंजिन मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, तर हिशेबाने मिनिटाला ५०० लिटर हवा त्यातून जायला हवी. प्रत्यक्षात ती त्याहून कमी जाते, तरी काही शे लिटर जाते हे नक्की. शिवाय मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे वंगण वेगळे असते, तसे इथे नाही. हवा, पेट्रोल आणि त्यात मिसळलेले टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचे वंगण) यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत जाते, तिथल्या बेअरिंगना वंगण देते आणि मग पिस्टनच्या वर पोचते. फिल्टरच्या कडेने निसटलेली धूळ त्यामुळे ऑइलमध्ये कालवली जाऊन पहिल्यांदा बेअरिंगवर आणि नंतर पिस्टन-रिंगवर घासते. इंजिन खोललेच असेल तर पिस्टनची कार्बोरेटरकडची बाजू नीट पाहावी. तिथे राखाडी, मंद घासलेला पट्टा असेल आणि सायलेन्सरकडची बाजू स्वच्छ असेल, तर दोष धुळीचा आहे. सायलेन्सरकडची बाजू ओरबाडलेली असेल, तर मिश्रण पातळ झाले होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी होते) किंवा पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडले होते असा संशय घ्यावा.

फिल्टर कोणता आहे ते आधी पाहावे

आपल्या भागात ५२ आणि ५८ सीसीची स्वस्त चिनी बनावटीची यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांचा फिल्टर बहुधा प्लॅस्टिकच्या चौकटीवर नायलॉनची जाळी लावलेला असतो, आणि त्याचे दोन भाग एकमेकांत दाबून बसवलेले असतात. नामांकित कंपन्यांच्या यंत्रांत नायलॉन जाळी, नमद्यासारखे जाडसर फेल्ट किंवा घड्या घातलेला कृत्रिम कागद यांपैकी काही असते. जाळी पटकन साफ होते, पण बारीक धूळ सोडते. फेल्ट आणि घड्यांचा फिल्टर बारीक धूळ अडवतात, पण धुवायला वेळ मागतात आणि पाणी लागले की हवा अडवतात. एकाच यंत्रासाठी दोन्ही प्रकार मिळत असतील, तर फेब्रुवारी ते मे फेल्ट किंवा घड्यांचा आणि पावसाळ्यात जाळीचा वापरावा, असे माझे मत आहे. साधा कागदी फिल्टर असल्यास तो धुवू नये. झटकून घ्यावा आणि भरला की बदलावा.

साफ करण्याची रीत

झाकण उघडण्यापूर्वी इंजिन बंद करून चोक ओढावा. चोकची पाती कार्बोरेटरचे तोंड झाकते आणि फिल्टर काढताना सांडणारा भुसा आत पडत नाही. ही दोन सेकंदांची सवय ज्यांना नाही, त्यांच्या बाबतीत फिल्टर साफ करतानाच सर्वांत जास्त कचरा इंजिनात जातो. मग झाकणाचा आतला भाग आणि फिल्टरभोवतालची जागा मऊ कुंचल्याने स्वच्छ करावी, आणि त्यानंतरच फिल्टरचा नट किंवा क्लिप सोडावी. फिल्टर निघाल्यावर कार्बोरेटरच्या तोंडाशी पांढऱ्या सुती फडक्याचे टोक फिरवावे. फडक्यावर निळसर-हिरवट ऑइलचा डाग आला तर हरकत नाही, तो टू-टी ऑइलचा रंग आहे. लाल किंवा काळी किरकिरी लागली, तर फिल्टर साफ करून भागणार नाही. धूळ कुठून शिरते ते शोधावे लागेल.

सुका भुसा असेल तर फिल्टर हाताच्या तळव्यावर हलकेच आपटून तो पाडावा. कॉम्प्रेसरची हवा द्यायची असल्यास ती नेहमी आतून बाहेर आणि नळी वीतभर लांब धरून द्यावी. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरचा दाब जाळी फाडण्याइतका किंवा फेल्टचे तंतू विस्कटण्याइतका असतो. बाहेरून आत हवा मारली तर जाळीत अडकलेले कण आरपार जाऊन आतल्या स्वच्छ बाजूला बसतात, आणि इंजिन सुरू होताच त्यांना अडवायला मध्ये काहीच उरत नाही. तारेचा ब्रश फेल्टवर कधीही वापरू नये.

फिल्टरला चिकट थर बसला असेल तर कोमट पाण्यात भांडी घासण्याचे द्रव किंवा साधी कपडे धुण्याची पावडर घालून तो पंधरा-वीस मिनिटे भिजत ठेवावा, पाण्यात हलवावा आणि शेवटी स्वच्छ पाणी आतल्या बाजूने सोडून खळखळून घ्यावा. पेट्रोलमध्ये बुडवून साफ करण्याची पद्धत फार रूढ आहे, पण ती सोडून द्यावी. त्यात आगीची भीती आहे, फेल्टचा आणि फोमचा डिंक सुटतो, आणि टाकीतलेच पेट्रोल वापरले तर त्यातले ऑइल जाळीवर राहून नवा भुसा आणखी घट्ट धरते. धुतलेला फिल्टर सावलीत, वाऱ्याला ठेवून पूर्ण वाळवावा. चुलीजवळ किंवा तापलेल्या सायलेन्सरवर ठेवला तर प्लॅस्टिकची चौकट वाकते, आणि वाकलेली चौकट पुन्हा कधी सपाट बसत नाही. वाळण्यास वेळ लागतो म्हणून एक जादा फिल्टर जवळ ठेवणे हाच उत्तम मार्ग आहे. एक यंत्रात, दुसरा दोरीवर.

वाळलेला फिल्टर बसवण्यापूर्वी सूर्याकडे धरून पाहावा. उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे. काळे पट्टे दिसले तर तिथे थर उरलेला आहे, आणि टोचल्यासारखे तेजस्वी ठिपके दिसले तर जाळी फाटलेली आहे. फाटलेल्या जाळीला टाका, डिंक किंवा चिकटपट्टी लावून चालत नाही. तो फिल्टर टाकून द्यावा.

किती वेळाने साफ करावा, याचे उत्तर घड्याळ देत नाही. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना झाकण उघडून नजर टाकावी, रोज काम संपल्यावर झटकावा, आणि झटकून साफ होईनासा झाला की धुवावा. ऐन उन्हाळ्यात बुंधे जमिनीलगत कापण्याचे किंवा फळ्या उभ्या चिरण्याचे काम असेल, तर दिवसातून दोनदाही फिल्टर बदलावा लागतो, कारण उभ्या चिराईत भुसा पिठासारखा बारीक पडतो.

फिल्टर लवकर भरण्यामागची दोन कारणे फिल्टरच्या बाहेरच असतात. पहिले म्हणजे बोथट चेन. धार असलेली चेन लाकडाचे जाडसर कपचे पाडते, ते जड असल्याने खाली पडतात. बोथट चेन लाकूड खरवडते आणि तयार झालेले पीठ हवेत तरंगत राहून थेट फिल्टरवर जाते. यंत्राखाली पडलेला भुसा मुठीत घेऊन पाहिला तरी हे कळते. पीठ दिसले की आधी कानस हातात घ्यावी, ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांचे माप) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस चालते. दुसरे कारण म्हणजे बारसाठी, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते तिच्यासाठी वापरले जाणारे जळके ऑइल. गॅरेजमध्ये ते फुकट मिळते, म्हणून इकडे पुष्कळ जण तेच भरतात. चेनवरून उडालेले त्याचे तुषार भुशाला चिकट करतात आणि तो झटकून निघत नाही. शिवाय जळक्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण असतात, ते ऑइल पंप आणि बार दोन्ही खातात. फिल्टरवरचा काळा, चिकट थर वरचेवर दिसत असेल, तर महिनाभर स्वच्छ बार ऑइल वापरून फरक पाहावा.

फट शोधणे आणि बुजवणे

खरी सुधारणा इथे आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. कार्बोरेटरच्या ज्या कडेवर फिल्टर टेकतो, ती कड आणि फिल्टरची बैठक यांत केसभर फट असली तरी हवा जाळीतून न जाता तिथूनच जाते, कारण तिथे अडथळा नाही. फिल्टर जितका भरत जातो, तितकी फटीतून जाणारी हवा वाढते.

फट शोधण्यासाठी स्वच्छ फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बोरेटरच्या तोंडाभोवती बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा आणि दिवसभर नेहमीसारखे काम करावे. संध्याकाळी फिल्टर काढला की धूळ ज्या बाजूने आली, त्या बाजूच्या ग्रीसवर तिची रेघ उमटलेली दिसते. रेघ एकाच कोपऱ्यात असेल तर बैठक वाकडी आहे. सगळीकडे बारीक ठिपके असतील तर जाळीच धूळ सोडते आहे. ग्रीसचा गोळा मात्र ठेवू नये, तो ओढला जाऊन कार्बोरेटरमध्ये अडकेल.

बैठक वाकडी असल्यास नवा फिल्टर घेणे चांगले. तोपर्यंत कडेवर ग्रीसची पातळ, अखंड वळी फिरवून फिल्टर बसवावा. ती फट बुजवते आणि चुकार धूळही धरते. दोन भागांच्या फिल्टरमध्ये मधल्या जोडावरही हीच वळी द्यावी आणि दोन्ही भाग सगळीकडून ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबावेत. जोड बुजवण्यासाठी साधे सिलिकॉन वापरू नये. पेट्रोलच्या वाफेने ते फुगते आणि त्याचे तुकडे सुटतात. फिल्टरचा नट हाताने घट्ट करावा, पान्याने नव्हे, कारण जादा ताणाने प्लॅस्टिक मधोमध दबते आणि कडा उचलल्या जातात. काही यंत्रांत झाकणच फिल्टरला जागेवर दाबून धरते. अशा झाकणाची क्लिप सैल झालेली असेल, तर फिल्टर नवा असूनही फट राहते.

हवा वाढवण्याचे प्रयोग

फट बुजल्याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. सर्वांत उपयोगी जोड म्हणजे मूळ फिल्टरवर बाहेरून बसणारे फोमचे आवरण. दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात फिल्टरचा फोम मिळतो, तोच घ्यावा. भांडी घासण्याच्या स्पंजची छिद्रे तेवढी मोकळी नसतात आणि पेट्रोलने तो भुगा होतो. बनियनचे कापडही नको, त्याचे तंतू सुटतात. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तुकडा फिल्टरभोवती सैल बसेल असा कापून शिवून घ्यावा, आणि झाकण लावल्यावर तो दबत नाही ना ते तपासावे. दबलेला फोम हवा सोडत नाही. नायलॉन जाळीवरच्या फोमला फोम फिल्टरचे किंवा साधे इंजिन ऑइल थोडे लावून, मुठीत दाबून जादा ऑइल काढून टाकावे. खाली फेल्ट किंवा कागद असेल तर फोम कोरडाच ठेवावा, नाहीतर ऑइल खाली उतरून मूळ फिल्टर बंद करते. या आवरणाने ताकद वाढत नाही, पण मोठा भुसा बाहेरच राहतो आणि आतला फिल्टर जास्त वेळ मोकळा राहतो. दुपारी तीन वाजता यंत्र सकाळसारखेच चालणे हीसुद्धा कार्यक्षमताच आहे.

झाकणाला भोके पाडण्याचा फायदा मला पटत नाही. पुष्कळ यंत्रांत हवा फिल्टरकडे विशिष्ट वाटेने नेलेली असते, आणि काहींत तर फ्लायव्हीलच्या पंख्याच्या जोरावर जड कण आधीच बाहेर फेकून उरलेली हवा फिल्टरला दिली जाते. झाकणावर भोक पडले की ही सगळी रचना वाया जाते आणि भुसा थेट जाळीवर येतो. हवा खरोखर कमी पडत असेल, तर मोठ्या क्षेत्रफळाचा किंवा घड्यांचा फिल्टर बसवणे हा योग्य मार्ग आहे. तो थेट बसत नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचे कडे घालून बसवता येतो, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असे कडे लेथवर काढून देणारा टर्नर मिळणे अवघड नाही. कडे दोन्ही तोंडांनी सपाट असावे आणि त्याच्या आतल्या भोकाने कार्बोरेटरचे तोंड कुठेही झाकले जाऊ नये. ज्या यंत्रांत हिवाळ्यासाठी गरम हवा घेणारी झडप असते, तिथे ती आपल्याकडे कायम उन्हाळ्याच्या खुणेवरच असावी. चुकून उलटी बसवली गेली तर इंजिन सिलिंडरजवळची तापलेली हवा ओढते आणि ताकद जाते.

यानंतरचे काम अनेक जण विसरतात आणि पिस्टन गमावतात. साध्या कार्बोरेटरमध्ये फिल्टर भरला की मिश्रण जाड होते (पेट्रोल जास्त), मोकळा झाला की पातळ होते. भरलेल्या फिल्टरवर सेटिंग केलेले यंत्र फिल्टर धुतल्याबरोबर पातळ मिश्रणावर चालू लागते. ते जोरात आणि किंचाळत फिरते, मालक खूश होतो, आणि उन्हात जाड बुंध्यात ते जाम होते. मोठा फिल्टर बसवल्यावरही हीच भीती असते. काही यंत्रांत फिल्टरच्या स्वच्छ बाजूचा दाब कार्बोरेटरला जोडून ही तफावत भरून काढलेली असते, आणि काही नव्या यंत्रांत मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळते. बाकीच्या सर्व यंत्रांवर सेटिंग नेहमी स्वच्छ फिल्टर आणि धारदार चेन लावूनच करावे.

इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून तापवावे. आधी कार्बोरेटरचा ‘एल’ स्क्रू (कमी रेसचे पेट्रोल ठरवणारा) असा ठेवावा, की ट्रिगर दाबताच इंजिन न अडखळता रेस घेईल. नंतर आयडलचा (ट्रिगर सोडल्यावरच्या मंद रेसचा) स्क्रू असा लावावा, की इंजिन बंद पडणार नाही आणि चेनही फिरणार नाही. आयडलवर चेन फिरत असेल, तर ते यंत्र वापरायला धोक्याचे आहे. शेवटी ‘एच’ स्क्रू (पूर्ण रेसचे पेट्रोल ठरवणारा) घ्यावा. तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पेट्रोल वाढते. लाकडाबाहेर पूर्ण ट्रिगरवर आवाज थोडा फाटका, घरघरल्यासारखा असावा आणि बार लाकडात शिरताच तो सरळ, स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरच आवाज शिट्टीसारखा स्वच्छ असेल तर मिश्रण पातळ आहे. स्क्रू थोडा थोडा उघडावा. टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) असेल तर पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडू नये. स्क्रूवरच्या मर्यादा-टोप्या काढण्याची गरज पडत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे, म्हणजे हवा चोरणाऱ्या गॅस्केटमध्ये किंवा इनटेकच्या रबरात असतो. काही टाक्या पेट्रोल संपेपर्यंत काम झाल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असावा. पांढरा पडला असेल तर काम तिथेच थांबवावे.

सुधारणेने खरोखर फरक पडला का, हे कानाने ठरवू नये. एकाच ओंडक्याच्या, एकाच चेनने, आधी जुन्या आणि मग नव्या फिल्टरवर तीन-तीन चकत्या कापून मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजावी. मात्र जुना फिल्टर धुतलेला असावा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

पावसाळ्यातील पथ्य

जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात धूळ नसते, म्हणून फिल्टरकडे दुर्लक्ष होते. पण रस्त्यावर आडवी पडलेली झाडे कापण्याचे काम तेव्हाच असते. ओल्या लाकडाचा भुसा जाळीवर लगद्यासारखा बसतो आणि वाळला की पुठ्ठ्याइतका घट्ट होतो. तो ओला असतानाच धुऊन टाकावा. ओला फेल्ट यंत्रात तसाच ठेवून यंत्र खोलीत बंद करू नये, त्याला बुरशी धरते. पावसाळ्यात यंत्र काही आठवडे उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे, आणि फिल्टर कोरडा करून वेगळा, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावा. फिल्टर काढल्यावर कार्बोरेटरचे तोंड फडक्याने झाकायला विसरू नये. कुंभारमाशी अशी भोके शोधतच असते.

नवा फिल्टर विकत घेताना जुना सोबत न्यावा. डुप्लिकेट मालात जाळी सहसा बरी असते, चौकट सदोष असते. म्हणून फिल्टर काचेच्या टेबलावर बैठकीच्या बाजूने ठेवून चारही कोपरे दाबावेत. एखादा कोपरा हलला तर दुसरा नग मागावा.